खालच्या पट्टीतला आवाज

गेल्या ऑक्टोबरात क्लारा टीचरांचा फोन आला, तेव्हा मी मालवणातल्या माझ्या दुकानात एका मोबाइलची काच बदलत होतो. त्यांनी मला चौथीला शिकवलं होतं. त्यांचा आवाज ऐकूनच काहीतरी बिनसलंय हे कळलं.

"चंदन, गाणा गेला रे," त्या म्हणाल्या. "काल होता, आज नाय."

फोनवर उलगडा होईना, म्हणून जेवून तीनच्या सुमारास मोटरसायकल काढली. टीचरांचं घर आचऱ्याच्या वाटेवर, खाडीकाठी, वस्तीपासून जरा सुटं. शेजारीच त्यांच्या नवऱ्याची, फॉस्टिनकाकांची, पावाची बेकरी. काका फेब्रुवारीत वारले, तेव्हापासून तिची भट्टी पेटली नव्हती. दाराच्या कुलपावर गंज चढला होता.

मुलगी फ्लाव्हिया पुण्याला. आईला तेवढीच सोबत म्हणून तिने तिला गाण्यांच्या ॲपच्या आपल्या घरच्या वर्गणीत जोडून घेतलं होतं. महिन्याला किरकोळ पैसे आणि फोनवर हवी ती गाणी. नाताळाआधी घर बंद करून आईला पुण्याला न्यायचं, हेही तिने ठरवलं होतं.

मी फोन पाहिला. यादीत गाण्याचं नाव होतं, पण करडं पडलेलं. दाबलं तरी वाजेना. मी समजावून सांगितलं, की वर्गणीतली गाणी आपल्या मालकीची नसतात. गाण्याच्या मालकाचा ॲपशी असलेला करार संपला की ती काढून घेतात, त्यात आपली काही चूक नसते.

टीचरांनी ऐकून घेतलं. मग हळू आवाजात त्यांनी मला जे सांगितलं, ते मुलीलाही सांगितलं नव्हतं. ते जुनं कोंकणी गाणं त्यांनी आणि काकांनी मिळून स्वतःच्या लग्नात म्हटलं होतं. चर्चच्या क्वायरमध्येही दोघं शेजारी उभी राहत. चाल टीचर म्हणायच्या, आणि काका खालच्या पट्टीत दुसरा आवाज लावायचे. फोनवरच्या गाण्यात एकच बाई गाते. तरी रोज दुपारी टीचर तिच्याबरोबर म्हणू लागल्या की खालून काकांचा आवाज येई.

"आता तो आवाज खंयसून येतलो?" त्यांनी मला विचारलं.

एकट्या माणसाला भास होतात, असं मनात म्हटलं आणि गाणं शोधू लागलो. एका छोट्या साइटवर ते सुटं विकत मिळत होतं, एका वडापावाच्या किमतीत. एकदा घेतलं की कायमचं आपलं. मी माझ्या खात्यातून घेतलं आणि त्यांच्या फोनवर उतरवायला लावलं.

चाळीस टक्क्यांवर वीज गेली. पंखा थांबला, पाठोपाठ रेंजही गेली. बाहेर माडांची सळसळसुद्धा नव्हती. घरात ओलसर भिंतींचा आणि मेणबत्त्यांचा वास दाटून आला.

मग टीचरांनी डोळे मिटले आणि फोनशिवायच गायला सुरुवात केली. आवाज कापत होता. पहिली ओळ झाली. दुसरीपाशी त्या थांबल्या... काहीच आलं नाही. त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली.

आणि अर्ध्या ओळीवर, खालून, एक पुरुषी आवाज तिला येऊन मिळाला.

फोन माझ्या मुठीत होता. त्याच्या स्पीकरवर मी अंगठा दाबून धरला. आवाज तसाच राहिला. तो स्वयंपाकघराच्या दारातून येत होता, आणि त्याच्याबरोबर ताज्या भाजलेल्या पावाचा ऊन वास... माझ्या पाठीवरून घाम ओघळला.

टीचर मात्र हसत होत्या. "नेहमीच उशिरा येता," त्या पुटपुटल्या आणि पुढची ओळ उचलली.

गाणं संपलं तसा वासही विरला. थोड्या वेळाने वीज आली, गाणं पूर्ण उतरलं. टीचरांनी फोन घेतला, पण वाजवला नाही. "आता ह्या गाणा नसला तरी चलात," म्हणाल्या. माझ्यासमोरच त्यांनी फ्लाव्हियाला कळवलं, की नाताळात चार दिवस येईन, पण घर बंद करणार नाही.

त्या रविवारी आठ महिन्यांनी त्या क्वायरमध्ये आपल्या जागी उभ्या राहिल्या. आता दोन मुलींना दुसरा आवाज शिकवतायत. अंगाने भरल्यात, बेकरीही कुणाला तरी चालवायला द्यायचं म्हणतायत.

गाणं माझ्या खात्यात आहे, म्हणून मीही ते दुकानात लावतो. एकटी बाई गाते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. गिटार थांबते. मग थोडी शांतता, आणि त्या शांततेत कुणीतरी श्वास घेतं... अगदी कानाशी, गायच्या आधी घेतात तसा. फाइल तेव्हाही संपलेली नसते, पुढे सरकतच असते.

मी दर वेळी तिथेच बंद करतो.