पाचव्या टाकीतले ठोके

मोबाइल खिशात घाला, मग सांगतो. भरतीला अजून तास आहे, डॉकमध्ये पाणी सोडेपर्यंत आपल्याला काम नाही. मध्ये कोणी दात काढले तर मी सरळ पंपघरात जाऊन झोपेन, आधीच सांगून ठेवतो.

आपल्या यार्डातला जुना मुकादम तुम्ही पाहिलेला नाही. वाफेच्या बोटी इथे दुरुस्तीला यायच्या, तेव्हापासूनची एक रीत तो चालवायचा. जहाज तरंगताना कलंडू नये म्हणून तळाच्या टाक्यांत पाणी भरतात ना, त्याआधी प्रत्येक टाकीच्या झाकणावर हातोड्याचे तीन ठोके द्यायचे, कान लावायचा आणि शंभर आकडे मोजायचे. आत कोणी राहिला असेल तर तोही तीन ठोके देतो. आत एवढे आडवेतिडवे पत्रे, की बॅटरीचा उजेड चार हातांपलीकडे जात नाही. उत्तर आलं नाही, की झाकणाचे सोळा नट आवळायचे.

चार वर्षांपूर्वी, नोव्हेंबरची नऊ तारीख, मंगळवार. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी मुकादम हातोडा आणि पाना घेऊन जहाजाच्या तळाशी उतरला. सहा टाक्या बंद करायच्या होत्या. माणसं मोजून वर काढली होती. त्याचा एकुलता एक पोरगा इथेच वेल्डर, बिनआईचा, बापानं एकट्यानं वाढवलेला. तो घरी पोचून जेवला असेल, असं मुकादमाच्या मनात चाललं होतं.

पण एक गोष्ट त्यानं अकरा वर्षं पोटात ठेवली होती. आत हवा न खेळवता माणसं टाकीत उतरवली म्हणून एका रंगाऱ्यानं त्याला सगळ्यांदेखत थोबाडीत मारली होती. मुकादम म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. थोबाडीत खाल्ली त्याच रात्री त्यानं एका झाकणावर ठोके दिले आणि आतून तीन ठोके आले. आत रंगारीच आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं सोळाच्या सोळा नट आवळले. आतून लाथा, शिव्या, मग गयावया. टाकीत पाणी भरून सगळं शांत होईपर्यंत हा झाकणावर बसून राहिला. चौकशीत म्हणाला, उत्तर आलं नव्हतं. सुटला.

सुटला कसला! त्या दिवसापासून प्रत्येक रिकामी टाकी त्याला उत्तर द्यायची. तीन ठोके. फक्त त्यालाच ऐकू यायचे. आधी आधी त्याची बोबडी वळायची, मग सवय झाली. आतून ठोके येत राहायचे आणि हा नट आवळत राहायचा.

नोव्हेंबरच्या त्या रात्री पहिली टाकी. ठोकलं. शंभर मोजले. काही नाही... दुसरी. काही नाही. तिसरी, चौथी. गप्प. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्याचा जीव भांड्यात पडला. गेला एकदाचा, असं मोठ्यानं म्हणाला.

पाचवी. त्यानं ठोकलं.

ठक. ठक. ठक.

मुकादमाचं डोकंच फिरलं. "अजून आहेसच का? एकदा बुडवलं तरी भागलं नाही?" त्यानं पान्यानं झाकणावर दणके घातले. आतूनही दणके आले. हा दात-ओठ खात नट आवळत राहिला. सहावी टाकी गप्प होती.

वर येऊन मला म्हणाला, मी पंपावर होतो, "सोड पाणी." मी सोडलं. मग सहज विचारलं, "पोरगा आला का वर?"

"कुठून?"

"पाचवीतून. एक सांधा पाझरत होता, म्हणून परत उतरला. दहा मिनिटांत येतो म्हणाला."

मुकादम पाना घेऊन खाली धावला.

पोरगा मला म्हणाला होता, काका, बाबांच्या कानावर घाला. मी नाही घातलं. मुकादम ठोकल्याशिवाय झाकण लावत नाही, मग सांगायचं कशाला, असं मला वाटलं. माझं चुकलं.

मी पंप बंद केला. झडपेचं चाक मात्र हलेना, पाणी आपल्या भारानं आत घुसत राहिलं. खाली मुकादम नट काढत होता. पाना निसटला, नख उपटलं, तरी काढत होता. आतून ठोके. "बाळा, आलो." ठोके. सातवा नट. ठोके. अकरावा... एकच ठोका. बारावा...

झाकण उघडलं तेव्हा पाणी काठोकाठ होतं. त्यानं पोराला केसांना धरून बाहेर ओढलं, छातीवर बुक्क्या मारल्या, ऊठ म्हणून शिव्या घातल्या. मग लोखंडी काठावर स्वतःचं कपाळ आपटायला लागला. तोंड रक्तानं माखलं. आम्ही तिघांनी दाबून धरला तेव्हा थांबला, आणि रंगाऱ्याचं सगळं भडाभडा बोलून गेला. पोलिस घेऊन जाईपर्यंत एकच विचारत होता. पोरानं हाक का मारली नाही? एवढा खणखणीत आवाज त्याचा. एकदा नुसतं "बाबा" म्हणाला असता तर...

मी पोराचं तोंड पुसायला घेतलं. ओठांवर पंजा उमटला होता. पाचही बोटं. निळी. गालात रुतलेली... मागून कोणीतरी तोंड दाबून धरल्यासारखी.

टाकीत तो एकटाच उतरला होता. उतरताना मी पाहिलं होतं.