खुणेच्या दोन बोटं वर

धूरतपासणीच्या टपरीत त्या रविवारी दुपारी एक यंत्र होतं, एक प्रिंटर, दोन खुर्च्या (त्यांतली एकच बसण्याजोगी), अर्धा डबा बिस्किटं आणि एक झोपलेलं मांजर. बाहेर रांगेत तीन गाड्या होत्या. चौथीही असावी, पण तिसरीच्या मागे निळ्या धुराशिवाय काही दिसतच नव्हतं.

तिसरी जवळ आली तसं मांजर उठून निघून गेलं.

"धूरबाई, ही खास तुमच्यासाठी!" टेंपोवाला जाता जाता ओरडला. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती काकांच्या या टपरीत बसायला लागल्यापासून सगळे ड्रायव्हर तिला याच नावाने हाक मारत. तिला राग येत नसे. नाव कामावरून पडलं होतं, आणि काम तिला आवडत होतं.

गाडीतून एक उंच तरुण उतरला. नाकावर चष्मा, डोक्यावर दुसरा आणि खिशात तिसरा.

"माझं चष्म्याचं दुकान आहे," तिने काही विचारायच्या आतच तो म्हणाला. "नाहीतर लोकांना वाटतं, हा विसराळू आहे."

"आणि तसं नाहीये?"

"आहे ना. पण दुकानही आहे."

हसू लपवायला ती खाली वाकली आणि तिने यंत्राची नळी गाडीच्या सायलेन्सरमध्ये सरकवली. मर्यादा साडेसातशेची होती. आकडा चढत चढत अठराशे चाळीसवर जाऊन थांबला.

"नापास."

"थोडक्यात हुकली का?"

"थोडक्यात नाही. सणसणीत."

त्याचा चेहरा एवढा पडला की तिलाच अपराध्यासारखं वाटलं.

"शुक्रवारपर्यंत पास झाली नाही तर मामा भंगारात देणार आहे," तो म्हणाला. "आईची गाडी आहे हो. बाबा म्हणायचे, या वयात कसलं ड्रायव्हिंग? तर ती बेचाळिसाव्या वर्षी शिकली, स्वतःच्या पगारातून गाडी घेतली. आता काही बोलत नाही ती... नुसती रोज पुसते गाडी."

नुसती रोज पुसते. ते शब्द तिच्या मनात कुठेतरी जाऊन बसले.

"काळा धूर असता तर पेट्रोल जास्त जातंय म्हटलं असतं," ती म्हणाली. "पांढरा असता तर पाणी शिरलंय. निळा म्हणजे इंजिनचं तेल जळतंय."

"निळाच आहे ना पण?" त्याने मान तिरकी केली आणि अगदी दुकानातल्या आवाजात विचारलं, "हा बरा दिसतो... की हा?"

"निळा आहे. डोळे तपासून घ्या."

"कुणाकडून? या रस्त्यावर मी एकटाच आहे."

इंजिन जरा निवेपर्यंत थांबणं भाग होतं. तिचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. त्याने हात पुढे केला. तिनेही का कोण जाणे, काढून दिला. खिशातून इवलासा पेचकस काढून तो स्क्रू आवळत बसला. रस्ता, गाड्या, पाटी सगळं पुसट झालं होतं. हातभर अंतरावरचा त्याचा चेहरा तेवढा स्वच्छ दिसत होता. तिची दृष्टी जवळची चांगली होती, हे त्यालाही ठाऊक असणार. कारण तो उगाचच सावकाश काम करत होता.

"तेल किती पिते गाडी?" तिने घाईघाईने विचारलं.

"पुष्कळ! आज सकाळीच पट्टी काढून बघितली. खालच्या खुणेपर्यंतही नव्हतं. मग थोडंसं ओतलं."

चष्मा परत नाकावर चढवून तिने बॉनेट उघडलं. तेलाची पातळी दाखवणारी लांब पट्टी ओढून काढली, पुसली, परत घातली, परत काढली. तेल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर होतं.

"सकाळी पुसून बघितलं होतंत?"

"पुसून. दोनदा."

"मग हे कसं काय?"

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तुम्ही... किंवा पट्टी."

"आणि तुम्ही कुणाच्या बाजूने?"

"पट्टीच्या," ती म्हणाली.

त्याने धाडकन बॉनेट आपटलं. जाताना साधं 'येतो'ही म्हणाला नाही. निळा ढग मात्र बराच वेळ रेंगाळला.

संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही. दोन मापं जुळली नाहीत की एक खोटं ठरवायचं, हे कुठल्या प्रयोगशाळेत शिकवलं होतं? आधी विचारायचं, दोन्ही वेळी काय काय वेगळं होतं. इंजिन तेच, पट्टी तीच, तेल तेच. वेगळी होती फक्त जागा. तिने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी टपरी उघडण्याआधीच, तपासणीच्या नोंदवहीतल्या पत्त्यावरून, तिची स्कूटर त्याच्या घराशी पोचली. फाटकापासून अंगण चांगलंच चढत गेलं होतं आणि गाडी भिंतीकडे तोंड करून, नाक वर काढून उभी होती. एक बाई काच पुसत होत्या.

"कोण गं तू?"

"मी... धूर."

"अगंबाई!"

"काकू, एक ताट मिळेल? थोडं पाणी घालून?"

काकूंनी कशाला म्हणून विचारलं नाही, ताट आणून दिलं. तिने ते पुढच्या चाकापाशी ठेवलं. पाणी लगेच फाटकाच्या बाजूला धावलं आणि काठावरून तिच्या चपलेवर सांडलं. ती मोठ्याने हसली. तेवढ्यात तो तोंडात ब्रश घेऊन दारात आला आणि तसाच उभा राहिला.

"गाडी उतारावर असते, म्हणून तेल मागे सरकतं," ती भराभर सांगू लागली. "पट्टी पुढे आहे. तिला इथे कमीच दिसणार! तुम्हीही खरं बोलत होतात, पट्टीही."

"पण मी दर रविवारी थोडंसंच ओततो..."

"रविवारी?" काकू चपापल्या. "अरे, बुधवारी मी ओतते! तुला कशाला व्याप, म्हणून बोलले नाही."

"आणि मामा?" त्याने विचारलं.

"तो तर तेलाचा डबा घेऊनच येतो."

तिघांच्या मायेने गाडीचं पोट बिघडलं होतं. जास्तीचं तेल आत फेसाळायचं, हवेच्या नळीतून वर चढायचं आणि पेट्रोलबरोबर जळायचं.

"मला वाटलं, पोरगी माणसं बघायला आली," काकू म्हणाल्या. "ही तर उतार बघतेय!"

त्याने टूथपेस्ट गिळली.

"काल मी बॉनेट आपटलं..." तो हळूच म्हणाला.

"काल मी एकाच साक्षीदाराचं ऐकलं," ती म्हणाली. "फिटलं."

शेजारच्या मिस्त्रीने सपाट जागी गाडी घेऊन जास्तीचं तेल काढलं. तेलाने भिजलेली हवेची नळी चष्मेवाल्याने स्वतः धुतली आणि कोपरापर्यंत काळा झाला. पण मिस्त्रीने बजावलं, "आतल्या पिस्टनच्या रिंगाच झिजल्या असतील, तर हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी. चालवून बघा, धूर विरतो का."

चालवणाऱ्याला स्वतःचा धूर नीट दिसत नाही. म्हणून गुरुवारी काकू गाडीत आणि ही दोघं मागे स्कूटरवर. ती चालवत होती, तो मागे बसून तिच्या खांद्यावरून बघत होता.

"निळा आहे अजून?"

"फिका झालाय."

"आता?"

"आता... शोधावा लागतोय."

परतीच्या चौकात काकू वळल्या नाहीत. पुढच्या चौकातही नाही.

"आई चाललीये कुठे?"

खिडकीतून काकूंचा हात बाहेर आला आणि 'या, या' अशी खूण करून आत गेला. त्याने हळूच तिचा खांदा धरला. रस्ता तर सरळ होता. तिने वेग वाढवला नाही, कमीही केला नाही.

शुक्रवारी टपरीसमोर मामा हाताची घडी घालून उभे होते. काकू स्टिअरिंगशी, इंजिन सुरू. तिने नळी सरकवली आणि यंत्राशी येऊन उभी राहिली. तो तिच्या शेजारी.

"पास झाली, तर पुढची तपासणी सहा महिन्यांनी ना?"

"गाडीची."

"मला काहीतरी विचारायचंय," तो कुजबुजला. "पण आकडा वाईट आला तर तुम्हाला वाटेल, दुःखात विचारतोय. चांगला आला तर वाटेल, उपकार फेडतोय."

"मग आकडा यायच्या आत विचार ना..."

त्याने विचारलं. इंजिन इतकं शांत चालत होतं की प्रत्येक शब्द ऐकू आला.

"हो," ती म्हणाली.

"काय म्हणाली रे ती?" काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ते राहू दे, ताई. आकडा काय आला?" मामा पुढे झाले.

तिने यंत्राकडे पाहिलं.

"तीनशे ऐंशी."