रंगाची पाचव्या ठोक्याची चूक

रंगा कधी चुकत नसे. आमटीत मीठ किती, गच्चीवरच्या टाकीत पाणी किती, सगळं त्याचं बिनचूक. यंत्रमानवच तो. मग रोज दुपारी लेझीम खेळताना पाचव्या ठोक्याला त्याचा हात भलत्याच बाजूला कसा जातो?

अकरा वर्षांच्या शाल्मलीला हे कोडं सुटेना. दाराच्या फटीतून तिने तीन दिवस पाहिलं. आबा, म्हणजे तिचे आजोबा, आणि समोर रंगा. "एक, दोन, तीन, चार..." आणि पाचला रंगा चुकायचा. "अहं, उजवीकडे," आबा म्हणायचे. लगेच रंगाच्या छातीवरचा निळा दिवा लुकलुकायचा. काहीतरी नोंदवत होता तो.

शाल्मलीच्या मनात पाल चुकचुकली. आजी जाऊन सहा महिने झाले होते. त्यानंतर आबा खुर्चीतून उठेनासे झाले. दोनदा नळ चालू ठेवून विसरले. बाबा फोनवर आत्याला म्हणाले होते, "असंच वाढत गेलं तर त्यांना वृद्धाश्रमात ठेवावं लागेल." आणि त्याच महिन्यात रंगा घरात आला.

सकाळी तो आबांना भरभर चालवत नेतो, तेही रोज नव्या रस्त्याने. म्हातारा माणूस गोंधळणारच. मग पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलायला लावतो. दुपारी लेझीम. आबांना चुका करायला लावायचं, त्या मोजायच्या, बाबांना कळवायच्या. डावच तो!

चौथ्या दिवशी ती आत घुसली आणि रंगाच्या पाठीवरचं लाल बटण दाबलं. हात वर धरूनच रंगा थिजला.

"अगं ए दांडगोबा, काय केलंस हे?" आबा ओरडले.

"आबा, हा मुद्दाम चुकतो! तुम्हाला घरातून घालवायचंय त्याला."

"मुद्दामच चुकतो. मीच शिकवलंय तसं."

शाल्मलीने डोळे बारीक केले. "कशाला?"

आबा पलंगावर टेकले. "चाळीस वर्षं मेंदूवर संशोधन केलं आणि तुझी आजी गेल्यावर स्वतःचाच मेंदू खुर्चीत बसवून ठेवला. भरभर चाललं की हृदय जोराने रक्त ढकलतं, मेंदूला प्राणवायू जास्त मिळतो. शिवाय एक प्रथिन वाढतं. झाडाला खत, तसं ते चेतापेशींना (मेंदूत निरोप पोचवणाऱ्या पेशींना). हिप्पोकॅम्पस (आठवणी पक्क्या करणारा भाग) असतो ना, त्याला त्याचा फायदा."

"मग रस्ता का बदलता?"

"ओळखीच्या रस्त्यावर पाय चालतात आणि डोकं झोपतं."

"बाटल्या?"

"तो ताकदीचा व्यायाम. लक्ष टिकवायला, कामाचा क्रम लावायला त्याची मदत होते असं दिसलंय. नळ बंद करायला, असं म्हण हवं तर."

शाल्मलीला हसू येत होतं, पण तिने ते दाबलं. "लेझीम राहिली."

"लेझमीत हात, पाय, कान, आठवण, सगळ्यांना एकदम काम. पण मला ठोके पाठ आहेत. पाठ झालेल्या गोष्टीला मेंदू फार जागा होत नाही. पाचव्या ठोक्याची चूक ठरलेली, बाकीच्या तो कुठेही करतो. समोरचा चुकला की मला ऐकावं लागतं, चूक पकडावी लागते. तुझी आजी शाळेत मुलींना शिकवताना मध्येच ताल बदलायची. घरी मलाही कधी सुखाने खेळू दिलं नाही तिने."

"आणि तो निळा दिवा?"

"मी पकडलेल्या चुका रंगा मोजतो. पहिल्या आठवड्यात दहातल्या तीन. काल आठ."

"म्हणजे तुम्ही बरे झालात!"

"तसं म्हणता येत नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. विसरणं थांबेलच असंही नाही. पण खुर्चीतून उठलो ना? रविवारी या नोंदींचा तक्ता मीच तुझ्या बाबांपुढे ठेवणार आहे."

शाल्मलीने रंगाला पुन्हा चालू केलं. मग खुंटीवरची आजीची लेझीम काढली आणि उभी राहिली. तिसऱ्याच ठोक्याला तिचा पाय पायात अडकला आणि लेझीम रंगाच्या पोटावर आदळली.

"ही चूक माझ्या यादीत नाही," रंगा म्हणाला. "मला अशी जमणार नाही."

आबा हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"रविवारी बाबांनाही खेळायला लावू," शाल्मली म्हणाली. "पण त्यांना लेझीम?"

"कपाटावर, डाव्या कोपऱ्यात. पिवळ्या पिशवीत," आबा पटकन म्हणाले.

शाल्मलीने तरी स्टूलवर चढून पाहिलं.

पिवळी पिशवी होती. डाव्या कोपऱ्यात.