मागून येईल ते

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी रोहिणखेडात नाटक व्हायचं, आणि यंदा ते भर दुपारी ठेवलेलं, कारण गेल्या साली गॅसबत्त्यांनी ऐन वेळी दगा दिला होता. बापाचं काम किसनराव पाटलांचं, हे दरसालचं ठरलेलं. मांडवाचं कापड त्यांचं, बैलगाड्या त्यांच्या. मग काम दुसऱ्याला देतो कोण? पण पाठांतराच्या नावानं शंख. गडी अक्षरशत्रू. डाव्या पडद्याआड वही घेऊन बसलेला शालिग्राम हळूच वाक्य सांगायचा, किसनराव मान कलती करून ऐकायचे आणि तेच खणखणीत म्हणायचे. मागून येईल ते म्हणायचं, अर्थाशी घेणंदेणं नाही.

हे नाटक त्यांनीच निवडलं होतं. दोन तरणी पोरं जीव देतात आणि शेवटी बाप म्हणतो, "दोष कुणाचाच नाही, नशिबाचा." दोन वर्षांमागं शालिग्रामची बहीण रुख्मिणी आणि किसनरावांचा भगवान एकाच विहिरीत सापडले होते. पाय घसरला, असं कागदावर लिहिलं गेलं. आता मांडवात चार आसवं गाळून किसनराव गावाची उरलीसुरली शंकाही धुऊन टाकणार होते. शहाणा माणूस!

तालमीत वाद निघाला.

"पिरेमानंच मेले ते," नायिका झालेला रंगराव म्हणाला. मिशा उतरवल्यापासून तो फार हळवा झाला होता.

"वैरानं मेले," शालिग्राम म्हणाला.

किसनराव पानाची पिंक टाकून हसले. "नशीब बे! नशिबापुढं कोनाचं चालते काय? मळेवाल्याच्या पोरीनं पाटलाच्या घराकडं पाह्यलंच काऊन?"

घरी जाऊन शालिग्रामनं वहीतलं शेवटचं वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'मीच मारलं त्यांना.' साक्षीदार नव्हता, पुरावा नव्हता. पण साऱ्या गावादेखत ते शब्द त्या तोंडातून काढून घ्यायचेच, एवढं त्यानं ठरवून टाकलं.

मांडव गच्च भरला. रंगराव लुगड्यात मरून पडला, शेजारी नायक. बायांनी डोळ्यांना पदर लावले. किसनराव पुढं आले आणि त्यांनी डावीकडं मान कलती केली.

शालिग्रामनं तोंड उघडलं. आवाज फुटेना. जीव खाऊन त्यानं पुन्हा बोलून पाहिलं, पण घसा पार बसला होता.

तेवढ्यात त्याला वास आला. ओल्या दगडांचा, शेवाळाचा. वैशाखाच्या उन्हात!

किसनरावांची मान सावकाश उजवीकडं वळली. त्या बाजूला कुणी बसतच नसे. नुसता बांबूचा तट्ट्या होता.

"मीच ढकललं तिले," किसनराव खणखणीत म्हणाले.

बायांचे पदर जागच्या जागी थांबले.

मान पुन्हा उजवीकडं कलली. "मांगून भगवानानं उडी घेतली. तिले धरून होता. वर पाहून म्हने, बाबा, दोर टाका."

मान कलली.

"दोर माह्या हातातच होता. म्या म्हटलं, आंधी तिले बुडू दे."

मान कलली.

"त्यानं तिले सोडलंच नाही."

किसनरावांचे डोळे भीतीनं फाटले होते, पण तोंड थांबत नव्हतं. यातलं एक अक्षर वहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर शालिग्रामला आनंद झाला. झालं एकदाचं! मांडवात कुणीतरी ओरडलं, "धरा त्याले!"

किसनरावांनी आणखी एकदा कान दिला.

"पोट्टे विहिरीवर हायेत, हे मले सांगितलं ते..."

ते थांबले. पुढचं त्यांना मागून आलंच नाही.

ते शालिग्रामनंच सांगितलं होतं. घराची बदनामी नको, पाटील पोराला चार रट्टे देऊन घेऊन जातील, एवढ्याचसाठी. आजवर आईलाही तो हे बोलला नव्हता.

किसनराव कान लावून उभे.

ओला वास आता त्याच्या मानेपाशी आला. लहानपणी तो रुख्मिणीला पाढे शिकवायचा, त्याच संथ चालीत कानाशी शब्द आले.

"दादा, म्हण माह्यामागून."

शालिग्रामचं तोंड उघडलं, आणि या खेपेला आवाज स्वच्छ फुटला.