चौथं पाकीट

तिने खिडकीची काच खाली ओढली, तर ती थेट त्याच्या नाकावरच आदळणार होती.

"अहो, नाक काढा!" ती किंचाळली.

"काढतो... पण आधी पाकीट द्या ना!"

अशी ती पहिली भेट. विद्यापीठाच्या गुणपत्रक विभागात ती कामाला होती. परदेशी शिकायला निघालेल्या पदवीधरांची गुणपत्रकं पाकिटात घालायची, पत्ता लिहायचा, तोंडावर शिक्का मारायचा. सगळे तिला शिक्केवालीच म्हणत. पाकीट तिकडच्या विद्यापीठानेच उघडायचं. वाटेत उघडलं की बाद. हे तिने त्या नाकवाल्या इंजिनिअरला बजावून सांगितलं होतं. तरी पठ्ठ्या महिन्याभरात हजर, हातात फोडलेलं पाकीट! "चुकून..." म्हणत मान खाजवत उभा. पुढे आणखी एकदा तेच.

"तुम्ही पूल बांधता की पाडता?"

"पलीकडे तुम्ही उभ्या असाल, तर बांधतो."

तिला रागवायचं होतं, आलं हसू. तेव्हापासून सकाळी कानातलं निवडायलाच तिला दहा मिनिटं लागू लागली, आणि आईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

आज तो चौथ्यांदा आला, तेव्हा मात्र ती हसली नाही.

"अहो, मुदत काल संपली! तुमचा प्रवेश...?"

"गेला," तो म्हणाला, आणि तेही इतक्या आनंदाने, की तिच्या काळजात धस्स झालं.

"पाकिटं मीच फोडत होतो. तुम्हाला भेटायला दुसरं निमित्त कुठलं? आणि मग... जावंसंच वाटेना. मी इथेच राहतोय. तुझ्यासाठी."

तिने पर्समधून एक पत्र काढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे तर... माझंच विद्यापीठ!"

"पत्ता मीच लिहीत होते ना दर वेळी. म्हटलं, हा तिकडे जाणार, तर आपणही... कालच प्रवेश मिळाला. आज सांगणार होते तुला."

दोघं वीज पडल्यासारखे एकमेकांकडे बघत राहिले. मागच्या टेबलावरच्या हेडक्लार्क काकांनी चष्मा काढला.

"देव अक्कल वाटत होता, तेव्हा तुम्ही दोघं कुठल्या रांगेत होतात रे?"

कोणीच हसलं नाही.

"मग... तू थांबशील?" त्याने अगदी हळू विचारलं.

एक 'हो' म्हटलं की झालं असतं. घरात पदवीच्या पुढे शिकणारी ती पहिलीच. तिचा स्वतःवरच विश्वास बसेना, पण उत्तर आलं ते स्वच्छ.

"नाही. प्रेम आहे माझं तुझ्यावर, खूप आहे... पण मी जाणार."

त्याने पत्र तिच्याकडे परत सरकवलं. म्हणाला, "पुढच्या सत्राची मुदत?"

"सहा महिन्यांनी."

"आणि तेव्हा नाही मिळाला प्रवेश, तर?"

तिने खिडकीतून हात बाहेर काढून पहिल्यांदाच त्याचा हात धरला. घट्ट.

"तर मी शिकेन," ती म्हणाली, "आणि रोज तुझ्यावर चिडेन."