बंद पाकिटातला नकार

घरमालकांना भाडेकरूंची माहिती काढून देणं हाच प्रेरणाताईंचा धंदा. भाडेकरूच अशील होऊन येण्याची मात्र ही पहिलीच वेळ, असं त्यांचा मदतनीस अश्वजित मनाशी म्हणाला.

भावना नर्स होती. गिरडहून तिची जाम गावच्या दवाखान्यात बदली झाली होती. मुख्यालयी राहत असल्याचा पुरावा म्हणून भाडेकरार आज पाचच्या आत कार्यालयात द्यायचा होता, नाहीतर नेमणूक हातची जाणार होती. तीन वाजून गेले होते.

"आधार देलं, फोटो देले, पोलीस ठाण्याचा फॉर्म देला. जुन्या घरमालकिणीचं पत्र पाहिजे म्हनले, तेही देलं," भावना म्हणाली. "आता त्याच पत्रावरून नाई म्हनून राह्यले. पत्र कोनीतरी बदललं, ताई. घरमालकीन असून तानाबाई मावशीनं मले पोरीसारखं ठेवलं."

नव्या खोलीचे घरमालक सदाशिवराव यांचं चौफुलीवर हार्डवेअरचं दुकान होतं. तिघं तिथं पोचले. अश्वजितचं डोकं आधीच तापलेलं. "आडनाव वाचून नाई म्हनलं का, काका?"

सदाशिवरावांचा चेहरा उतरला. "वर राहते ते गुंजन तुमच्याच समाजाची हाय. चार वर्सं झाले. पत्र वाचा, मंग बोला."

अश्वजितनं वाचलं. 'ही मुलगी रात्री-बेरात्री बाहेर जाते. सांगितलेलं ऐकत नाही. जेवणाचा पत्ता नसतो. तापातही घरात थांबत नाही. हिला घर देऊ नये.' खाली अंगठा.

प्रेरणाताईंनी पाकीट मागितलं. त्याची एक बाजू कात्रीनं कापलेली होती.

"म्याच कापलं," सदाशिवराव म्हणाले.

"वरचं नाव माह्या हातचं हाय," भावना म्हणाली. "मावशीनं बंद करून देलं, मी दलालाजवळ देलं."

चिकटवलेली पट्टी अजून जागच्या जागी होती. ताईंनी ती नखानं उचकटली, तसा कागद फाटला. खाली भाताचं वाळलेलं शीत होतं.

ताईंनी दलालाला आणि गुंजनला बोलावून घेतलं. दलाल धर्मेंद्र घाम पुसत आला. "दोन दिवस डिक्कीत होतं. पन मी काऊन उघडू? घर गेलं तरच मले कमिशन."

त्याच्यामागून आलेल्या गुंजननं नजर चुकवली नाही. "मालक गावाले गेलते, म्हून एक रात्र माह्याजवळ होतं. खोली मले बहिणीसाठी पाहिजे होती, खोटं नाई बोलत. पन पाकिटाले हात नाई लावला."

अश्वजितला वाटलं, चोर सापडला. ताईंनी मान हलवली.

"पाकीट तेच, वरचं नाव भावनाच्याच हातचं. शितानं चिकटवलेलं पाकीट उघडलं की कागद फाटतो, आत्ता सगळ्यांदेखत फाटला. तोवर पट्टी धड होती. म्हणजे सदाशिवरावांनी कापेपर्यंत ते कुणी उघडलंच नाही. आत जे ठेवलं, तेच बाहेर निघालं."

"पन काका खोटं सांगत असतील तं?" अश्वजितनं विचारलं.

"मजकूर बघ. वैऱ्यानं लिहिलं असतं की घरी माणसं येतात, भांडणं होतात. जेवत नाही, तापातही थांबत नाही, ही तक्रार कोण करतं?"

अश्वजित ओशाळला. त्याची आई फोनवर रोज हेच ऐकवायची.

भावनानं स्पीकर चालू करून गिरडला फोन लावला.

"मावशी, पत्र तूच लिवलं?"

"शेजारच्या कांताकडून लिवून घेतलं. चांगलं लिवलं असतं तं तू गेली असती ना, माये."

"माही नोकरी जाऊन राह्यली होती," भावना म्हणाली. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं.

"ते मले कोनी सांगतलं? तू तं एक पत्र पाहिजे, एवढंच बोलली."

सदाशिवरावांनी करारनामा समोर ठेवला. सव्वाचार झाले होते. 'राहणाऱ्या व्यक्ती' यापुढे एक छापलेलं होतं. भावनानं ते खोडलं, दोन लिहिलं आणि मालकांकडे पाहिलं.

सदाशिवरावांनी खोडल्या जागी सही केली. "त्यायचंबी आधार लागन. अन् दोन फोटो."

"ऐकलं ना, मावशी? आधार काढून ठेव."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"फोटोत डोक्यावर पदर चालते काय, विचार त्यायले."