निळ्या बाणाची वाट

उद्या निळी वाट करणार म्हणता? करा की. सोपी आहे. गावाच्या सभागृहापासून निघायचं, ओढ्याकाठानं जायचं, जुन्या दफनभूमीवरून वळून पुलावर यायचं. दोन मैल. चढ नाही, उतार नाही. बाबागाडीसुद्धा जाते, असं पत्रकातच छापलंय. ते पत्रक हेक्टर गिलिसनं लिहिलं आणि खांबांवरचे निळे बाणही त्यानंच ठोकले. ते मोजे शेगडीपासून जरा लांब वाळत घाला पाहू. आणि त्याच वाटेवर हेक्टरला काय झालं ते ऐका. हसू नको रे लाल टोपी. माझ्या पदरचं तिखटमीठ यात चिमूटभर आहे, जास्त नाही.

दोन वर्षं झाली. चौदा डिसेंबर, गुरुवार, दुपारचे चार. दुपारचे म्हणतो खरा, पण इतक्या उत्तरेला, आमच्या किनडोरीत, डिसेंबरात साडेतीनलाच रात्र होते. भुतांची सोय होते, बारापर्यंत ताटकळावं लागत नाही.

हेक्टर पूर्वी शाळेची बस चालवायचा. हल्ली संध्याकाळी सभागृहाच्या आवाराचं फाटक बंद करायचं काम त्याच्याकडे असतं. त्या दिवशी गेला, तर आत एक गाडी उभी. काच खरवडून बघितलं, तर मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची. काचा गोठून पांढऱ्या झालेल्या, म्हणजे गाडी बराच वेळ तिथं होती. तो तडक इथं माझ्या पबमध्ये आला. मी या काउंटरमागे सूप ढवळत होतो.

"लॅकी, बाळाला घेऊन कोणी बाई आली होती का?"

"अडीचला. डंडी शहरातली आहे. चहा प्यायली आणि बाबागाडी घेऊन तुझ्या निळ्या वाटेला लागली."

"ती अजून आली नाही."

"अरे, निळ्या वाटेवर कोण हरवतं? माझी सासू नाही हरवली. मी प्रयत्न केला होता."

हेक्टर हसला नाही. "पाचपर्यंत आलो नाही तर बचाव पथकाला फोन कर," म्हणाला, आणि बॅटरी घेऊन गेला.

आता मध्येच एक सांगायला हवं. आमची म्हातारी माणसं मानतात, की दफनभूमीत सगळ्यात शेवटी पुरलेला माणूस फाटकावर पहारा देतो. पुढचा पुरला जाईपर्यंत त्याची सुटका नाही. पूर्वी एकाच दिवशी दोन घरची प्रेतं निघाली, तर आपलं माणूस आधी आत जावं म्हणून लोक पेटी खांद्यावर घेऊन पळायचे. हल्ली जो तो शहरात, इन्व्हरनेसला जाऊन दहन करून घेतो. पहाऱ्यावरचा बसतो अडकून. आणि त्या डिसेंबरात पहाऱ्यावर कोण? हेक्टरचाच थोरला भाऊ, सॉर्ली. फेब्रुवारीत पुरलेला. दहा महिने झाले होते.

सॉर्लीला थांबणं म्हणून माहीत नव्हतं. लग्नाला गेला तर नवरी यायच्या आत जेवून मोकळा. मी बिअर ओतली, की फेस बसेपर्यंत या लाकडावर अंगठी आपटत राहायचा. टक, टक, टक. "लॅकी, हाताला मुंग्या आल्यात का रे?" अशा माणसाला पहाऱ्यावर उभं केलेलं. हेक्टरचा मात्र या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. त्यानं स्वतःच्या दहनाचा अर्जसुद्धा भरून ठेवला होता.

तर हेक्टर ओढ्याकाठानं निघाला. वारा नव्हता. बोटभर बर्फ पडलेलं, त्यात बाबागाडीच्या चाकांच्या दोन रेघा आणि मध्ये बुटांचे ठसे. तो हाका मारत चालला. मैलभरावर, दफनभूमीच्या भिंतीपाशी, वाट फुटते. उजवीकडे पूल आणि गाव, डावीकडे भिंतीच्या खालच्या अंगाला तळं. तिथला खांब त्यानं स्वतः रोवलेला.

बाण डावीकडे होता.

त्यानं बॅटरी जवळ नेली. पाटी दोन स्क्रूंवर घट्ट. स्क्रूंवर जुना गंज. कोणी हात लावलेला नव्हता. आणि चाकांच्या रेघा... डावीकडे वळलेल्या.

तळ्यावर आठवड्याचं बर्फ धरलं होतं, पापुद्र्यासारखं. वरून हिम पडलं, की तळं दिसत नाही. कुरण दिसतं. सपाट. बाबागाडीला अगदी सोपं.

तो पळाला. सहासष्टाव्या वर्षी. काठावर पोचला. रेघा तिथं थांबल्या नव्हत्या. सरळ पुढे गेल्या होत्या. बॅटरीचा उजेड वीस पावलांवर संपत होता. रेघा त्याच्याही पुढे.

"बाई," तो ओरडला. "आहात तिथंच थांबा."

काही नाही.

बाळाचं रडणंसुद्धा नाही.

त्यानं एक पाय बर्फावर टाकला. खालून एक लांब आवाज गेला... या टोकापासून त्या टोकापर्यंत. हेक्टर एकशे दहा किलोचा. त्यानं पाय मागे घेतला. तो आत गेला असता, तर तिघंही गेली असती.

आणि मग वरून. दफनभूमीच्या फाटकाकडून. लोखंडावर.

टक. टक. टक.

हा ठेका त्यानं साठ वर्षं ऐकला होता. जेवणाच्या टेबलावर. चर्चच्या बाकावर. बॅटरी तिकडे वळवायचं धाडस त्याला झालं नाही.

"सॉर्ली," तो म्हणाला.

टकटक थांबली.

"बाळ आहे रे त्यात..."

...

"सॉर्ली. तुला पुढचा माणूस हवाय. ही बाई नको. मी येतो. इन्व्हरनेसला जात नाही. इथंच येतो, तुझ्या शेजारी. पहारा मी घेतो."

...

तळ्यात पुन्हा काहीतरी कडाडलं. लांब. हेक्टरनं डोळे मिटले.

टक.

एकदाच. मेंढ्यांच्या बाजारात सौदा पटला, की सॉर्ली कठड्यावर असाच एकदा वाजवायचा.

मग चाकं ऐकू आली. कुर्र... कुर्र... दफनभूमीच्या भिंतीकडून. बाई गाडी ढकलत येत होती, गुडघ्यापर्यंत भिजलेली, थरथरणारी. बाळ गाढ झोपलेलं.

पाचला पाच कमी असताना ती दोघं या दारातून आत आली. मी फोनपाशीच उभा होतो. बाईचं नाव केर्स्टी. तिला शेगडीपाशी बसवलं, सूप दिलं.

"पायाखाली वाजायला लागलं तेव्हा कळलं, की हे तळं आहे," ती म्हणाली. "जागची हलले नाही. भिंतीपाशी एक म्हातारा उभा होता. हाका मारून मारून माझा घसा बसला, पण नुसता बघत होता. बघतच राहिला... मग एकाएकी काय झालं कोण जाणे, हात हलवायला लागला. 'इकडून ये, इकडून. उचल पाय. मला काय दिवसभर वेळ आहे?' इतका उद्धट माणूस मी जन्मात पाहिला नाही. पण त्यानं सांगितलं तिथं पाय टाकत आले. त्याचे आभार मानायचे राहिले."

अंधारात तो दिसला कसा, हे तिला तेव्हा सुचलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

हेक्टरनं चमचा खाली ठेवला. "निरोप पोचवीन मी," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नऊला उजाडलं. आम्ही दोघं पाटी सरळ करायला गेलो. ते गंजलेले स्क्रू काढता काढता वीस मिनिटं गेली आणि माझ्या बोटाची साल निघाली. काम झाल्यावर हेक्टर म्हणाला, "जरा आत जाऊन येऊ."

सगळीकडे बर्फ. फाटकावर, भिंतीवर, सॉर्लीच्या दगडावर. पाऊल एकाचंही नाही. फक्त सॉर्लीच्या शेजारी, उजव्या हाताला, एक पट्टा मोकळा होता. हिरवं गवत. कडा सुरीनं कापल्यासारख्या. मी वाकून हात लावला.

कोमट होतं.

हेक्टर हातातली काठी घेऊन पुढे झाला. ती पट्ट्यावर आडवी टाकली, मग उभी. पुन्हा एकदा टाकली.

"लांबी बरोबर आहे," म्हणाला. "रुंदीला मात्र मलाच थोडं बारीक व्हावं लागेल."

दोन हिवाळे झाले, पोरांनो. तिथं बर्फ धरत नाही.